ताई, ती दोन रकान्यांची वही बंद करा

प्रश्न : मी शहादा तालुक्यातली अंगणवाडी सेविका, वय 36. घरी नवरा, दोन मुलं, सासूबाई. थोडी शेती आहे, कापूस आणि केळी. 12 वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. गेली काही वर्षं मी एक वही ठेवते. डाव्या रकान्यात दिवसभराची पापं, उजव्या रकान्यात प्रार्थना, उपास, दशांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला, म्हणजे चर्चला). डावी बाजू जास्त भरली की दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास करते. मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तोंडाचा ताबा मात्र सुटतोच. परवा सकाळी, अंगणवाडीला निघायच्या घाईत, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवरून सासूबाईंना टाकून बोलले. त्या म्हणाल्या, "इतली प्रार्थना करस, तरी तुनी जीभ तशीच शे." ते काळजात रुतून बसलंय. यंदा कापसाचे पैसे अडकले, तीन महिने दशांश दिला नाही, आणि तेवढ्यात गाय मेली. शिक्षाच झाली असं वाटून बचत गटाचं कर्ज काढून दशांश भरला. चार महिने प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) घेतलेलं नाही. एका संमेलनात ऐकलं, 'देवाने नवं हृदय दिलंय, त्यावर भरवसा ठेवा.' मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, 'हृदय सर्वांत कपटी, त्याचं ऐकू नका.' गल्लीतल्या विधवा मावशींना धान्य द्यावंसं वाटतं, पण त्यात माझा मोठेपणा असेल या भीतीने देत नाही. कृपेने जगायचं म्हणजे रोज नेमकं करायचं काय?
– एक बहीण

उत्तर :

प्रिय ताई, प्रभूमध्ये सलाम.

सगळ्यात आधी तब्येतीचं. शुगरच्या गोळ्या चालू असताना निर्जळी उपास करू नका. काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर झपकन खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या आणि दवाखाना गाठा. त्यात आपल्याकडचा उन्हाळा 44-45 अंशांचा, पाणी न पिता अंगणवाडीत उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यापुढे एकही उपास नको. यात देवाला काही कमी दिलं जात नाही. बायबलमधल्या यशया 58 मध्ये देव स्वतः सांगतो की त्याला आवडणारा उपास कोणता : भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा. मावशींच्या धान्याचा विचार मनात ठेवा, त्याकडे पुढे येतोच.

आता वही. लूक 18 मध्ये दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, म्हणतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. तुमचा उजवा रकाना शब्दशः हाच आहे. जकातदार छाती बडवून एवढंच म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' तुमच्या डाव्या रकान्याचा सूर तोच. तुम्ही परूशी आहात असं आम्ही म्हणत नाही. तुम्ही जकातदाराची प्रार्थना करता आणि मग परूशाच्या हिशेबाने तिचं उत्तर मिळवायला बघता, तिथे गाडं अडतं. येशू म्हणतो, जकातदार नीतिमान ठरून घरी गेला. मंदिरातून घरापर्यंतच्या वाटेत त्याने एकही उपास केला नव्हता.

उजव्या बाजूने डावी बाजू फिटत नाही. जगभराचे उपास लिहिले तरी एक शिवी त्यातून वजा होत नाही, कारण पापाची भरपाई करायला ती चीजच नाही. कलस्सै 2:14 सांगतं की आपल्याविरुद्धचा ऋणलेख ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळून रद्द केला. रद्द झालेल्या कर्जाचे हप्ते तुम्ही अजून भरताय, तेही उपाशीपोटी. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हेच विचारतो (3:3) : आत्म्याने सुरुवात केलीत आणि आता स्वतःच्या बळावर पूर्ण करायला निघालात का?

हा घोळ नव्या विश्वासणाऱ्यांचाच असतो असं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा. संस्कृताचा अभ्यास, शास्त्राचं वाचन, विधवांसाठी काम, सगळं होतं. तरी त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ख्रिस्ताचा धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला. तुम्हाला 12 वर्षांनी हा प्रश्न पडला, म्हणून खचून जाऊ नका.

हृदयाचा प्रश्न मात्र नीट सोडवावा लागेल, कारण दोघांनीही तुम्हाला वचनच सांगितलंय.

त्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं वचन यिर्मया 17:9. त्याच अध्यायाचं पहिलं वचन उघडा. यहूदाचं पाप लोखंडी लेखणीने, हिरकणीच्या टोकाने त्यांच्या हृदयाच्या पाटीवर कोरलंय, असं तिथे आहे. देवाकडे पाठ फिरवून माणसावर भिस्त ठेवणाऱ्या हृदयाचं ते वर्णन. ते खरं आहे आणि आजही लागू आहे. पण हाच यिर्मया 31:33 मध्ये देवाचं बोलणं सांगतो : मी माझं नियमशास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. तीच पाटी, आता लिहिणारा देव. जो 17 वा अध्याय सांगतो त्याने 31 वा वाचायचा ठेवू नये. आणि संमेलनातल्या उपदेशकांनी यहेज्केल 36:26 सांगितलं असेल, तर त्यांनीही पुढची पाच-सहा वचनं वाचायला हवी होती.

तिथला क्रम बघा. वचन 25 मध्ये देव शुद्ध पाणी शिंपडतो. 26 मध्ये पाषाणाचं हृदय काढून मांसाचं हृदय देतो. 27 मध्ये आपला आत्मा आत घालतो आणि 'तुम्ही माझ्या नियमांनी चालाल असं मी करीन' म्हणतो. आणि 31 मध्ये, हे सगळं झाल्यावर, लोकांना आपली वाईट कर्मं आठवतात आणि स्वतःचा वीट येतो. पश्चात्ताप इथे नव्या हृदयाच्या मागून येतोय. सासूबाईंचं बोलणं तुमच्या काळजात रुतलं, याचा अर्थ तुम्ही 'माझं हृदय बदललंच नाही' असा लावलात. अर्थ नेमका उलटा आहे. पाषाणाला काही रुतत नाही.

म्हणजे मनात येईल ते करायचं का? नाही. नव्या हृदयावर भरवसा म्हणजे ज्याने ते दिलं त्याच्या शब्दावर भरवसा. राग, हेवा, भीती, थकवा हेही मनातच उठतात, ते सगळं देवाचं म्हणून डोक्यावर घ्यायचं नाही. त्याच वेळी, जे जे चांगलं मनात येतं ते ते सैतानाचं किंवा अहंकाराचं म्हणून दाबायचंही नाही. तुम्ही ही दुसरी चूक करताय. मंडळीत पहिल्या चुकीबद्दल बरंच बोललं जातं, दुसरीबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि तिच्यापायी किती चांगली कामं जागच्या जागी मरतात.

मावशींचंच घ्या. एखादी ओढ देवाच्या आत्म्याची आहे का हे तपासायला आम्ही चार गोष्टी बघायला सांगतो. वचनाची स्पष्ट आज्ञा तिच्या बाजूने आहे का? तिच्यातून दुसऱ्याचं भलं होतं का? रात्र उलटून सकाळ झाली तरी ती तशीच आहे का? आणि एखाद्या समजदार विश्वासू बहिणीला सांगितली तर ती मान डोलावते का? विधवेला धान्य देणं पहिल्या दोन्हींत बसतं, आणि तुमच्या मनात ते कित्येक दिवस आहे. मग उद्याच पाच किलो दादर ज्वारी पिशवीत भरा, संध्याकाळी अंधार पडल्यावर मावशींच्या ओट्यावर ठेवून या. फोटो नको, महिला मंडळात साक्ष नको, घरात एका नवऱ्याला माहीत असू द्या. मत्तय 6:3 मधली डाव्या हाताला कळू न देण्याची आज्ञा याच आजारावरचं औषध आहे. मोठेपणाला खायला काही मिळालं नाही की तो आपोआप मरगळतो. थोडा उरला तरी हरकत नाही. हेतू शंभर टक्के निर्मळ होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर मावशी उपाशी राहतील आणि तुमचा हेतूही निर्मळ होणार नाही.

जीभ तशीच का, हा सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे. बाप्तिस्म्याने स्वामी बदलतो, सवयींचं मूळ एका दिवसात जळत नाही. रोम 7 मध्ये पौल 'इच्छितो ते करत नाही' म्हणून विव्हळतो आणि 8:1 मध्ये म्हणतो, ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाहीच. दोन्ही एकाच माणसाचे, लागोपाठचे शब्द. तुमच्या केळीच्या बागेत बुंध्याशी पिलं फुटत राहतात, ती तुम्ही विळ्याने कापत राहता. पिलं दिसली म्हणून बाग आपली नाही असं शेतकरी म्हणत नाही, आणि पिलं तशीच सोडूनही देत नाही. 'कृपा आहे तर बोललं काय न बोललं काय' असं कोणी म्हणालं, तर तीत 2:11-12 दाखवा. कृपा अभक्तीला नकार द्यायला शिकवते, असं तिथे आहे.

दोष दाखवणारा आवाज कोणाचा, हे ओळखायलाही शिका. पवित्र आत्मा नेमकं बोट ठेवतो : 'सकाळी, भाकरीवरून, सासूबाईंना, टाकून बोललीस.' त्यात करायचं काय हेही असतं : जा, माफी माग. दोष देणाऱ्या सैतानाचा आवाज मोघम असतो : 'तू तशीच, तुझं काही खरं नाही, देव तुला कंटाळला.' त्यात करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं पडून राहायचं असतं. पहिला आवाज आला की उठायचं. दुसरा आला की 1 योहान 3:20 मोठ्याने वाचायचं. आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनाहून थोर आहे.

माफी मागायची पद्धत सांगतो, कारण इथे बरीच माणसं अर्ध्यातच थांबतात. देवापुढे पाप एकदाच, नाव घेऊन कबूल करा. 'माझ्या सर्व पापांची क्षमा कर' या गोल बोलण्यात काहीच हाताला लागत नाही. 1 योहान 1:9 वाचा, 'क्षमा झाली, तुझे उपकार' असं म्हणा आणि त्या पापाची प्रार्थना तिथेच संपवा. तेच पाप रात्री पुन्हा, सकाळी पुन्हा कबूल करणं म्हणजे देवाच्या उत्तरावर अविश्वास दाखवणं. मग त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्या माणसाकडे जा. सासूबाई निवांत बसल्या असतील, घरात पाहुणे नसतील अशी वेळ बघा. वाक्य छोटं ठेवा : 'आई, सकाळी भाकरीवरून मी तुम्हाला टाकून बोलले. ते चुकलं. मला माफ करा.' पुढे 'पण तुम्हीही…' जोडू नका, त्या 'पण'ने सगळी माफी वाया जाते. 'देवाने मला पाठवलं' असंही म्हणू नका, त्याने समोरच्यावर दडपण येतं. त्या गप्प राहिल्या किंवा पुन्हा टोचून बोलल्या, तरी तुमचं काम झालं. त्यांनी हसून बोलावं ही अट माफीला नसते.

त्याबरोबर भांडण नेमकं कधी पेटतं तेही बघा. तुमचा प्रसंग सकाळचा, भाकरीवरून, अंगणवाडीला निघायच्या घाईतला आहे. कळण्याचं पीठ रात्रीच मळायला काढून ठेवा, मुलांचे डबे नवऱ्याकडे द्या, स्वतः दहा मिनिटं आधी उठा आणि गोळीबरोबर पोटात काहीतरी घाला. रिकाम्या पोटी, साखर उतरलेली असताना माणूस चिडचिडा होतोच. यात आध्यात्मिक कमीपणा काही नाही. देवाने दिलेल्या शरीराची एवढी काळजी घेणं हीसुद्धा आज्ञापालनाचीच बाजू आहे.

वही आजच बंद करा. जाळायची तर जाळा, पण त्याचाही विधी करू नका. सकाळी मागण्यांच्या आधी पाच मिनिटं द्या आणि रोम 8 मधली दोन-तीन वचनं मोठ्याने वाचा. स्वीकार झालेल्या लेकराने दिवस सुरू करायचा, मग काम करायचं. रात्री दहा मिनिटं बसा. एकच प्रश्न विचारा : आज कुठे प्रेम करावंसं वाटलं आणि मी हात मागे घेतला? उत्तर मिळालं तर उद्याचं एक काम ठरवा, पाप आठवलं तर वर सांगितल्याप्रमाणे ते निकालात काढा आणि झोपा. लिहू नका. लिहायला लागलात की महिनाभरात पुन्हा दोन रकाने पडतील. आठवड्यातून एकदा मंडळीतल्या एखाद्या पोक्त बहिणीबरोबर बसून याकोब 5:16 प्रमाणे एकमेकींजवळ कबुली द्या. एकटीने लढणाऱ्याचाच हिशेब वाढतो.

आणखी एक सांगावंच लागेल. तेच पाप दिवसातून वीस-वीस वेळा कबूल केल्याशिवाय चैन पडत नसेल, नको ते देवनिंदेचे विचार आपोआप डोक्यात घुसत असतील, दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, तर तो विश्वासाचा कमीपणा समजू नका. मनाचा असाही आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. प्रार्थना आणि औषध दोन्ही चालू ठेवा.

गाईचं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हा येशूने स्पष्ट विचारलं की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का, आणि 'नाही' असं उत्तरही दिलं (लूक 13). आपल्या पापांची शिक्षा ख्रिस्तावर पडली, ती देव पुन्हा तुमच्या गोठ्यातून वसूल करत नाही. गाय कशाने गेली ते पशुवैद्यकाला विचारा, दुसरी जनावरं असतील तर त्यांच्या लसीचं बघा.

दशांश मिळकतीचा असतो. मिळकत आली नाही तर दशांशही नाही. 2 करिंथ 8:12 मध्ये सरळ लिहिलंय की देणं जवळ असेल त्याप्रमाणे मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही. शेतीचा हिशेब असा करा. समजा 10 क्विंटल कापूस 7,000 च्या भावाने गेला, 70,000 आले. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी मिळून 45,000 खर्च झाले. उरलेल्या 25,000 चे 2,500. काही जण एकूण रकमेवर देतात, त्यांनी आनंदाने द्यावं. तो नियम तुमच्या डोक्यावर नाही. मानधन हातात येईल तेव्हा त्याचा वाटा वेगळा काढा. कर्ज काढून दशांश हा प्रकार मात्र पुन्हा नको. गटाचं व्याज महिना दोन टक्के असेल तर वर्षाला चोवीस टक्के झालं, आणि फेडताना पोरांच्या तोंडचं जातं. आधी ते कर्ज फेडा. तोवर दानपेटीत पन्नास रुपये टाकलेत तरी मान खाली घालू नका, आणि काय झालं ते खजिनदारांना साध्या शब्दांत सांगून ठेवा.

राहिलं प्रभुभोजन. 'अयोग्य प्रकारे' खाण्याची भीती तुम्हाला 1 करिंथ 11 मधून बसलेली दिसते. तिथे घोटाळा काय होता? श्रीमंत आधी येऊन खाऊन पिऊन मस्त होत होते आणि गरीब उपाशी राहत होते. पौल त्या वागण्यावर बोलतो. आणि वचन 28 परीक्षा करून घरी बसा असं सांगत नाही. स्वतःची परीक्षा करा आणि मग ती भाकरी खा, असं सांगतं. जकातदारासारखं मन घेऊन येणाऱ्यासाठीच ते मेज मांडलेलं आहे. तेव्हा पाळकांना एक फोन करा, चार महिने का आला नाहीत ते सांगा. तुमच्या मंडळीत प्रभुभोजन ज्या रविवारी असतं त्याच्या आदल्या शनिवारी सासूबाईंशी बोलून घ्या. रविवारी सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन जा, आणि ताट तुमच्यापर्यंत आलं की पुढे सरकवू नका, घ्या.